राजा मरतो ते पान

तिलक नगर, जयपूर
८ सप्टेंबर २०२५

प्रिय विनया,

सप्रेम नमस्कार. माझं अक्षर ओळखून तू पाकीट न फोडताच कपाटात टाकशील, म्हणून पत्ता शेजारच्या निशिगंधाकडून लिहून घेतला आहे. एवढी लबाडी माफ कर. पत्रात याहून मोठी येणार आहे.

आम्ही दोघं बरे आहोत. माझे गुडघे कुरकुरतात, राजनची साखर वर-खाली होते. तू मिरजेला भावाशेजारी घर घेतलंस, हे आपल्या विमा ऑफिसच्या पेन्शनर मंडळींकडून कळलं. तिथे तुझी बाग आहे म्हणे. चांगलं केलंस.

आता मुद्द्याचं. तुझं नाटक झालं, विनया! गुरुवारी, गणपतीत, आदर्श नगरच्या हॉलमध्ये, अख्खंच्या अख्खं. राजा मेला! एकोणीस वर्षं मी त्याला उगाच जिवंत ठेवला होता, तो परवा एकदाचा मेला आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

तुझी परवानगी घेतली नाही. मागितली असती तर तू नाही म्हणाली असतीस, आणि तो तुझा हक्कच होता.

झालं असं, की निशिगंधा आपल्या गणपती मंडळाच्या ट्रंकेत मुकुट शोधत होती, तिला तुझी वही सापडली. पोरगी जयपूरलाच जन्मली, आयटीत आहे, मराठी अडखळत वाचते. पण दोन दिवसांत वही संपवून दारात हजर. "काकू, मतलब, हे शेवटचं पान कोणी कट केलं? राजाने स्वतः तलावाचा बांध बांधला, भेग पडली म्हणून सांगणाऱ्या गवंडिणीला हाकलून दिलं, सगळं गाव बुडालं. आणि एकदम आकाशवाणी होते, पाणी उतरतं, सगळे आरती करतात? काहीही! तो तर मरायलाच पाहिजे ना!"

मी म्हटलं, जुन्या गोष्टी असतात बाई. पण ती माझ्याहून हट्टी. गवंडीण मीच करणार म्हणाली, आणि राजा तेव्हाचेच काका करणार, म्हणून राजनच्या मागे लागली. राजन बहात्तर वर्षांचा! त्याला मोबाइल कुठे ठेवला ते आठवत नाही, पण तुझे संवाद आठवत होते. फक्त शेवटचं वाक्य यायचं तिथे दर तालमीला घसा खाकरायचा, पाणी मागायचा. मी दिग्दर्शक, ओरडायला हवं होतं. मी मुकाट्याने पाणी द्यायची.

गुरुवारी मात्र त्याने पाणी मागितलं नाही. मुकुट काढून खाली ठेवला आणि अगदी साध्या आवाजात, बँकेत कुणाला सही कुठे करायची ते सांगावं तसं म्हणाला, "भेग मी पाहिली होती. गवंडिणीच्या आधी पाहिली होती." आणि फुटलेल्या बांधाकडे चालत गेला. तू लिहिलं होतंस ना, की राजाला पाण्याने मारायचं नाही, त्या एका वाक्याने मारायचं? तेव्हा मला ते पुस्तकी वाटलं होतं. परवा मी विंगेत उभी राहून ढसाढसा रडले. ग्रीकांचे ते राजे, त्यांचा गर्व, त्यांचं पडणं, यावर तू ऑफिसच्या डब्याच्या वेळी आम्हांला पकवायचीस. पडताना माणूस मोठा होतो म्हणायचीस. खरं आहे गं. आमचा हा ढेरपोट्या रिटायर्ड मॅनेजर त्या वाक्यानंतर सहा फूट दिसत होता.

सगळ्यांत आधी कोण उठलं सांगू? पहिल्या रांगेतले आपले मंडळाचे अध्यक्ष, संभाजीराव. चौऱ्याऐंशी वर्षं, काठी टेकत.

पडदा पडल्यावर राजन पुढे आला. हे तालमीत ठरलेलं नव्हतं. त्याच्या बँकेच्या शाखेतले दोन-तीन जुने लोक समोर होते. हात जोडून म्हणाला, "दोन हजार सहा साली हा शेवट माझ्यामुळे कापला गेला. साहेब समोर बसलेले, हाताखालची माणसं समोर बसलेली, त्यांच्यापुढे 'चूक माझी' म्हणायची माझी छाती झाली नाही. लेखिकेची मी माफी मागतो." पुन्हा टाळ्या.

इथपर्यंत शनिवारी लिहून मी दोन दिवस पत्र बाजूला ठेवलं होतं, तारीख आज घातली. इथेच संपवलं असतं तरी चाललं असतं. राजा मेला, नवऱ्याने माफी मागितली, सगळं छान.

पण राजनने काही केलं नव्हतं, विनया. त्याने तेव्हा प्रयोगाच्या दिवशी फक्त विचारलं होतं, "साहेबांसमोर हे वाक्य जरा जड जाईल का गं?" मी लगेच म्हटलं, तुझ्यासाठी बदलते. आणि त्याच्याआधीच तुला सांगून बसले होते, की संभाजीरावांचा नियम आहे, गणपतीपुढे नाटकात मरण दाखवायचं नाही. तू मंडळात नवीन, तुला ते खरं वाटलं. एकाच शेवटासाठी दोघांना दोन थापा. लाल पेन माझं, आकाशवाणी माझी.

का, ते सांगते. रंगीत तालमीत ते शेवटचं पान झालं आणि सगळे तुझ्याभोवती जमले. कुणी तुझा हात धरला, कुणी रडलं. दोन महिने घसा फोडून तालमी मी घेतल्या होत्या. मी खुर्च्या उचलत होते, मला कुणी हाकसुद्धा मारली नाही. मला तुझा हेवा वाटला. साधा, शाळकरी हेवा. त्याच्यापायी मी तुझं नाटक मारलं आणि तू जयपूरच सोडलंस.

शुक्रवारी महाप्रसादाची पंगत होती. मी मसालेभात वाढत होते, समोर संभाजीराव, पलीकडे राजन. भाताचं पातेलं खाली ठेवलं आणि तिथेच, सत्तर-ऐंशी माणसांत, मोठ्याने सगळं सांगितलं. राजनचा घास हातातच राहिला. एकोणीस वर्षं तो बिचारा स्वतःला भित्रा समजत होता, आणि मी समजू दिलं.

संभाजीरावांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे विनयाताई मला भर आरतीत झापून गेल्या, ते माईक बंद पडला म्हणून नव्हे? मी तर त्यांना म्हटलं, पुढच्या वर्षी नवीन आणू!" पंगत हसली, मीही हसले. नवीन म्हणजे नवीन नाटक असं समजून तुला तेव्हा ती थट्टा वाटली होती. त्या माणसाने खरंच नवीन माईक आणला होता, आणि तू नव्हतीस.

राजन दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आज सकाळी चहा करून दिला, त्यात साखर नव्हती, पण चहा होता. आणि मला सांगू, इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. हरल्यासारखं तर मुळीच नाही.

दुसरा प्रयोग पाच ऑक्टोबरला आहे. लोकांनीच मागितला. जाहिरातीवर सर्वांत वर तुझं नाव आहे, मोठ्या अक्षरात. ये असं म्हणायचा अधिकार मला नाही. तू आली नाहीस तरी राजा मरेल, तू लिहिलास तसाच. आलीस तर तुझा हात धरायला लोक जमतील, आणि मी या वेळी त्या लोकांत असेन.

पूर्वी पत्राखाली मी 'तुझी रत्ना' असं लिहायची. त्यातलं 'तुझी' लिहायचं की नाही, हे आता तू ठरवायचं. आज नुसतं नाव लिहिते.

रत्नप्रभा