खैऱ्याला आवतण

५ ऑगस्ट

पोचले एकदाची! आदिलाबादच्या कडेला शकुबाई आणि मारोतराव या जोडप्याकडे खोली मिळाली. भाजीचा मळा, मोठी खिडकी, खिडकीखालीच गोठा. आमच्या निर्मलमध्ये मी संगणकावर जनावरं करते म्हटलं की लोक तिथल्या प्रसिद्ध लाकडी खेळण्यांच्या गोष्टी सांगत बसतात. इथे कुणी अक्कल शिकवत नाही. शकुबाईंनी आल्या आल्या ज्वारीची भाकर आणि वांग्याची भाजी वाढली. गोठ्यात बांड्या बैल एकटाच आहे. त्याचा जोडीदार खैऱ्या उन्हाळ्यात अंगावर वीज पडून गेला. त्याची दावण त्यांनी तशीच ठेवलीय.

८ ऑगस्ट

कॉलेजच्या प्रदर्शनासाठी एक प्राणी करून चालवायचा आहे, तोही मोजक्या त्रिकोणांत; पडद्यावरचं अंग सगळं त्रिकोणी तुकडे जोडूनच होतं. एक त्रिकोण जास्त झाला तरी बाद, असं सरांनी बजावलंय. पहिली आले तर हैदराबादच्या स्टुडिओत काम मिळेल, आणि मला यायचंच आहे. शकुबाईंच्या मोबाइलमधल्या फोटोवरून मी खैऱ्या करतेय. नुसतं कातडं, आत पोकळ. जे दिसत नाही ते करायचं नाही, हा आमच्या धंद्याचा नियम. शिंगांतच बरेच त्रिकोण गेले, म्हणून तोंड बंद ठेवलं. जबडा केलाच नाही. कोण बघतंय?

१४ ऑगस्ट

खैऱ्या चालायला लागला. जागच्या जागीच चालतो, पण वशिंड काय सुरेख हलतं! शकुबाई दुपारी मळ्यातून येऊन त्याच्यासमोर बसतात. मागचा डावा पाय जरा ओढत होता, म्हणाल्या. तसा केला. बाई रडल्या. मला, खरं सांगायचं तर, काम जमल्याचाच आनंद झाला.

२१ ऑगस्ट

उद्या पोळा. आज खांदमळणी. शकुबाईंनी बांड्याच्या खांद्याला तूप-हळद चोळली आणि उरलेली घेऊन माझ्या खोलीत आल्या. पडद्यावरच्या खैऱ्याचा खांदा चोळला आणि म्हणाल्या, आज आवतन घे बापा, उद्या जेवाले ये. अख्खा लॅपटॉप तुपकट! मारोतराव दारातूनच म्हणाले की गेलेल्याले आवतन देत नसतेत. मी चडफडत पुसत बसले. म्हातारपणाचे चाळे, दुसरं काय.

२२ ऑगस्ट

पुरणपोळीची दोन ताटं मांडली. बांड्याने आपलं खाल्लं. दुसरं रिकाम्या दावणीपुढे. दुपारी पाहिलं तर पोळी तशीच, पण तिच्यावर खोल दाब. कुणीतरी तोंड टेकवून नुसतं ढकलत राहिलं होतं. दाबाला कोपरे होते. ओल्या मातीत खुरांचे ठसे, तेही त्रिकोणी. मागचा डावा ओढलेला.

२४ ऑगस्ट

बांड्या खात नाही. गव्हाणीकडे जातो आणि मागे ढकलला जातो. दिवसाढवळ्या, माझ्या डोळ्यांदेखत. समोर कुणी नाही. शकुबाई म्हणाल्या, पोरी, तो उपाशी हाय, म्हणून यालेबी खाऊ देऊन नाही राह्यला. त्याले तोंड काऊन नाही देल्लं? मी दुसरी प्रत काढून तोंड दिलं. उपयोग नाही. आवतण मूळच्याला गेलंय, आणि प्रदर्शनात दिलेल्या त्या मूळ फाइलला हात लावला, त्रिकोण वाढले, तर मी बाद. उद्या निकाल आहे, मग बघू म्हटलं. एका जबड्यासाठी माझं वर्ष—

२५ ऑगस्ट

पहिला नंबर. सर म्हणाले, बंद तोंडामुळे बैल किती शांत वाटतो. शांत!

घरी आले तर बांड्या बसलेला. उठत नाही. शकुबाईंनी माझे पाय धरले. स्वतःची किळस आली. तिथेच बसून तोंड दिलं — जबडा, दात, जीभ.

लगेच गोठ्यात चघळण्याचा आवाज. रिकाम्या दावणीपुढचं ताट साफ. शकुबाई हसल्या.

२६ ऑगस्ट, सकाळ

कडबा संपला. ढेप संपली. चघळणं चालूच —

बांड्या हंबरला. एकदाच. दावणीत नुसती बांड्याची घुंगरं —

दुपार

फाइल पुसून टाकली. काही फरक नाही. तो आता तिथे नाहीच, तो इथे —

शकुबाई पुन्हा ताट घेऊन निघाल्यात. मारोतराव अडवतायत. शकुबाई म्हणतात, अजून भुकेला हाय माहा खैऱ्या. मी खिडकीतून ओरडतेय, जाऊ नका, तो भरणार नाही, कितीही घातलं तरी — आत काही नाही — पोट मी केलंच नाही —