जेवढे हरवले तेवढेच

गाझियाबाद,
१९ नोव्हेंबर २०२५

चि. सुधन्वा यास अनेक आशीर्वाद.

काल, मंगळवार १८ नोव्हेंबर रोजी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, माझ्यादेखत तुझ्या बाबांना वेडं ठरवण्यात आलं आणि तू शेजारच्या खुर्चीत बसून मान डोलावलीस. फोन केला तर कंपनीच्या बसमधून ‘हाँ मम्मी, बिल्कुल मम्मी’ करशील, म्हणून लिहिते आहे.

डॉक्टरने हिंदीत ‘पीठ’वर हात ठेवायला सांगितलं. बाबा म्हणाले, पीठ संपलंय, गिरणी उघडली की आणू. मग शिक्षा कुठवर झाली, असं विचारलं. ते म्हणाले, एकदाही नाही, मी सरळमार्गी माणूस आहे. डॉक्टर हसला आणि कागदावर फुली मारली. यात चुकलं काय? साताऱ्यात वाढलेल्या माणसाला पीठ म्हणजे पीठच.

दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या ऑफिसात दोन्ही भाषांचे अनुवाद करण्यात ज्यांची नोकरी सरली, त्यांची ही परीक्षा. आठवतं ना, जेवताना ते शब्दांची कुळं सांगायचे? शिक्षा दोन्हीकडे एकाच आईची. हिंदीत ती शाळेत गेली, मराठीत छडी खाऊन आली. पीठ मात्र नुसते चेहरे सारखे असलेले दोन परके. आपलं पिष्टातून आलं, त्यांचं पृष्ठातून, म्हणजे पाठ. मी कॉन्व्हेंटची. लग्नात माझं मराठी ऐकून सासूबाई पदराआड हसल्या होत्या. ही भाषा मला बाबांनी ताटावर बसवून शिकवली. तूही त्याच ताटांवर वाढलास. तरी डॉक्टरसमोर मूग गिळून बसलास, आणि खाली उतरून गुरुग्रामच्या केअर होमला फोन लावलास.

निधीला सांग, ‘आजी कैसी हो’ असल्या मेसेजला मी उत्तर देत नाही.

तुझ्यावर लोभ आहेच. आज तो रागाखाली दबला आहे, इतकंच.

आई


मानेसर,
२४ नोव्हेंबर

ती. सौ. आईस सुधन्वाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र निधीने मोठ्याने वाचायला घेतलं आणि ‘सरळमार्गी’वर अडली. मग मीच वाचलं. माझ्या चुका लाल पेनने काढून परत पाठवू नकोस.

मी डॉक्टरला सांगायला हवं होतं, हे बिल्कुल खरं. पण गप्प का होतो तेही ऐक. त्याआधीच्या रविवारी तू भाजीला खाली गेलीस, तेव्हा मी बाबांना सगळं मराठीतच विचारलं होतं. पीठ कशाचं हवं म्हटलं, तर म्हणाले ज्वारीचं, पण ताजं दळलेलं. मला इतकं बरं वाटलं. मग तुझं नाव घेऊन विचारलं, सुहासिनी कोण. ते लाजले. म्हणाले, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मुलगी आहे, बोलणी चालू आहेत, होकार येईलसं वाटतं, पण तूर्त कुणाला बोलू नका. बोलू नका, असं म्हणाले, आई. मला अहो-जाहो करत होते. नंतर अदबीने विचारलं, तुम्ही कुठल्या सेक्शनला.

तिथे हिंदी नव्हतं, डॉक्टर नव्हता. मीच होतो.

गेल्या महिन्यात ते ऑफिसची बस पकडायला निघाले आणि हायवेवर सापडले. तू अनवाणी धावलीस. तू एकाहत्तरची आहेस. मला तुम्हा दोघांना गमवायचं नाही. केअर होममध्ये नर्स आहे, दाराला कुलूप आहे. आठ डिसेंबरपर्यंत जागा धरून ठेवली आहे. अच्छा, रागाव माझ्यावर, पण वेळेवर जेव.

मोठ्यांच्या आशीर्वादाचा भुकेला,
सुधन्वा


गाझियाबाद,
२८ नोव्हेंबर

चि. सुधन्वा यास आशीर्वाद.

पत्र वाचलं. मग गॅस चालू ठेवून बराच वेळ ओट्याशी उभी होते, दूध उतू गेलं.

दसऱ्यापासून ते मलाही ‘तुम्ही’ म्हणतात. उभ्या संसारात ज्या माणसाने मला ‘अगं’शिवाय हाक मारली नाही, तो आता चहाचा कप घेताना ‘आभारी आहे’ म्हणतो. मी ती थट्टा समजत होते. थट्टाच असावी असं फार वाटत होतं.

काल संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून मी सांगितलं, मुलीकडून होकार आहे. ते उठले. आत जाऊन शर्ट बदलून आले.

तुझं खरं आहे, सुधन्वा. ते हरवताहेत, आणि त्याला हिंदीचा दोष नाही. पण त्या डॉक्टरने फुल्या मारल्या, त्या या हरवण्याच्या नव्हेत. केअर होममध्ये दिवसभर सगळं हिंदी. ते खरोखर विसरलेले आणि नुसतं मराठी बोललेले, दोन्ही तिथे एकाच फुलीत जमा होतील. जेवढे हरवले तेवढे मी सोसेन. उरलेत ते माझ्या घरात राहतील. समजून घेणारं कुणी नाही म्हणून त्यांना अजून थोडे हरवू देणार नाही.

दाराला वरच्या बाजूने कडी उद्याच बसते आहे. दिवसा मदतीला बाई ठेवते. तिला त्यांचं बोलणं मी समजावीन. आणि दर रविवारी तू नि निधीने यायचं, दिवसभर त्यांच्याशी मराठीत बोलायचं. निधीचे शब्द अडले तरी चालतील, त्यांचेही अडतात. त्यांनी तुला साहेब म्हटलं तरी तू बाबाच म्हणायचं.

केअर होमची जागा सोडलीस का आणि रविवार कबूल आहे का, या दोन्हींचं उत्तर शुक्रवार, ५ डिसेंबरला संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हातात हवं. लेखी, मराठीत, खाली तुझी सही. फोन मी उचलणार नाही.

आई