मूस कुठून दिसतात

ग्रानओसेन, २९ सप्टेंबर

लाडक्या इल्वास,

बाबाचे पोटभर आशीर्वाद. मी ठणठणीत आहे. गुडघा कुरकुरतो, पण त्याचं ऐकतो कोण! यंदा रानात लिंगनबेरी उदंड आली. मुरंबा करता करता घरातल्या बरण्या संपल्या.

तुझं कार्ड पोचलं. एवढ्याशा कार्डावर एकच प्रश्न: मोर्टेनला मूस बघायचाय, कुठे आणि कसा दिसेल? पुढच्या आठवड्यात तळ्यापलीकडची भाड्याची झोपडी घेतली आहेस, तेही खाली बारीक अक्षरात लिहिलंयस. तर आधी प्रश्नाचं उत्तर देतो.

जावईबापू शहरातले, तेव्हा त्यांना पहिली गोष्ट सांग: मूस म्हणजे घोड्याएवढं हरीण, ते शोधायला दाट जंगलात शिरू नये. तिथे फक्त बूट भिजतात. तोडणी झालेलं रान बघायचं, जिथे बर्चची कोवळी झाडं कमरेएवढी झाली आहेत, आणि त्याच्या कडेला थांबायचं. लाकडाच्या गिरणीमागचं रान उत्तम. जायचं ते उजाडताना, नाहीतर दिवेलागणीला. दुपारी ते रवंथ करत पडलेले असतात, माझ्यासारखे. वारा आपल्या तोंडावर हवा. आणि त्यांचं ते सळसळ वाजणारं महागडं जाकीट झोपडीतच राहू दे. लग्नाआधी ते घालून आले होते, तेव्हा पंचक्रोशीला कळलं होतं.

अख्खा मूस शोधाल तर दिसणार नाही. काळपट खोड दिसतं, मग त्या खोडाला कान हलताना दिसतात. कमी उजेडात आधी पाय नजरेत येतात, फिकट राखाडी, धड मागाहून. दलदलीच्या वाटेवर झाडांचे शेंडे खुडलेले आणि खाली लेंड्या ओल्या असल्या, तर तिथेच बसा. सध्या माजाचे दिवस आहेत, नराचं डोकं ठिकाणावर नसतं. तो झाडावर शिंगं घासू लागला की कौतुक करत उभं न राहता गाडीत बसावं. मादी रस्ता ओलांडून गेली तरी गाडी लगेच काढू नका, मागे पाडस असतं.

माजामुळे शिकारही थांबली आहे. आमच्या शिकाऱ्यांच्या टोळीला यंदा बरी शिकार मिळाली, गेल्या शनिवारी वाटे पडले. आम्ही दोघं गेलो होतो.

आता ‘आम्ही दोघं’ लिहून गेलो आहे, तर खोडत नाही. डागनी आणि मी. ती इथे राहायला आली त्याला दोन वर्षं झाली, आणि तेव्हापासून तू या घराचा उंबरठा चढलेली नाहीस. ‘आईच्या स्वयंपाकघरात त्या बाईच्या हातचं मी खाणार नाही,’ असं म्हणाली होतीस. मी तेव्हा भांडलो नाही आणि आताही भांडायला लिहीत नाही. पण मी सुखात आहे, इल्वा. तुझी आई गेल्यावर मी उभ्या उभ्या पातेल्यातूनच जेवत होतो. आता टेबलाशी बसून जेवतो. हे तुला कुणी सांगितलं नसेल, म्हणून सांगतो.

तर वाटे. तुला पद्धत माहीत आहेच: मांसाचे सारखे ढीग, माणशी एक, आणि एकाने भिंतीकडे तोंड करून नावं पुकारायची, म्हणजे कुणाला झुकतं माप नको. यंदा पुकारायला डागनी उभी होती. आमचा म्होरक्या हिल्डिंग ढिगाला काठी लावून विचारत होता, “हा कुणाचा?”

“टूरे.”

“हा?”

“आल्गोत.”

असं शेवटच्या ढिगापर्यंत चाललं. राहिलं होतं ते फक्त डागनीचं स्वतःचं नाव.

“हा कुणाचा?”

“इल्वा,” ती म्हणाली.

“अगं ए, स्वतःचं नाव विसरलीस की काय?” टूरे ओरडला. “इल्वा टोळीत कुठंय? तिनं इथे पाऊल टाकून जमाना झाला!”

“पाठ फिरवलीय मी, डोकं नाही फिरलेलं माझं,” डागनी भिंतीकडेच बघत म्हणाली. “पुढचा विचार, हिल्डिंग.”

“पुढचा नाहीच,” हिल्डिंग म्हणाला. “आणि टूरे, तू तोंड आवर. भिंतीकडून नाव आलं की वाटा त्याचा. तुझा आजोबा याच नियमावर जेवला.”

येताना गाडीत मी विचारलं, “हे काय गं नवीनच?”

“नवीन कसलं? घरची लेक आहे, तिचा वाटा नको? माझं काय, तुझ्यातलं देशीलच ना? की उपाशी ठेवतोस?”

नशीब बघ, तुझ्या ढिगात पाठीचा लुसलुशीत तुकडा निघाला आणि आमच्या वाट्याला नळ्या! ती हसत हसत नळ्यांचं सार करते आहे. तुझ्या वाट्याचं मांस तिने वेगळं गोठवून ठेवलंय आणि मला हात लावू देत नाही. त्या दिवशी मला तिचा फार अभिमान वाटला.

आता खरं सांगतो. वर लिहिलेल्या जागा चांगल्या आहेत, पण सगळ्यात चांगली जागा मी मुद्दाम गाळली, तुला अवघड वाटू नये म्हणून. आपल्या झाडाची सफरचंदं गळायला लागल्यापासून एक मादी आणि तिचं पाडस रोज उजाडताना अंगणात येतात. स्वयंपाकघराच्या खिडकीतून इतके जवळ दिसतात की त्यांच्या श्वासाने काच धुरकट होते. त्यासाठी फक्त घरात यावं लागतं, आणि घरात डागनी असते.

ये. इतके दिवस तोंडातून निघालं नाही, आज लिहितो. झोपडीचं राहू दे, घरी ये पोरी.

बोलावणं दोघांचं, हट्ट मात्र एकट्या माझा,
तुझा बाबा