तिसऱ्या परिच्छेदातलं वाक्य

तीर्थस्वरूप ताई,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (तुझ्या पायांवर. भावोजींच्या पायांपर्यंत पोचायला हल्ली रांग लावावी लागते असं ऐकतो.) तुझा गुडघा कसा आहे? जिना कमी चढतेस ना? इकडे सगळे ठीक आहेत, म्हणजे मी सोडून सगळे. मला काय झालंय ते विचारायला घरात कुणाला वेळ नाही, कारण सातला तुझ्या नवऱ्याचा कार्यक्रम सुरू होतो आणि तो संपला की त्याच्यावरची चर्चा सुरू होते. फोनच करणार होतो. पण तुमच्याकडे फोन उचलतो भावोजींचा कुणीतरी चाहता, आणि तो मलाच विचारतो, "आपण कोण?" आता सख्ख्या बहिणीच्या घरी मी कोण हे परक्याला पटवून देण्यापेक्षा पत्र बरं. लेकीच्या हाती देतो. ती तशीही तुमच्याकडेच पडीक असते.

सुरुवातीलाच एक सांगून टाकतो. मला भावोजींचा हेवा वाटत नाही. हेवा बरोबरीच्या माणसाचा वाटतो, आणि आमच्या दैनिकात मी अग्रलेख लिहीत होतो तेव्हा ते हवामानाची चौकट भरत होते. त्यांना तिथे चिकटवलं तेही मीच. पुढे त्या परक्या देशांच्या युद्धात आपल्या सरकारनं उडी घेतली, शस्त्रं पाठवली, आता माणसंही पाठवायचं ठरलं, आणि सगळ्या दैनिकांनी ढोल बडवायला घेतला (आमचा ढोल सर्वांत मोठा, कातडं माझं). तेव्हा भावोजींनी भर बैठकीत विचारलं, की तिकडे मेलेल्यांचा आकडा आपण माझ्या पावसाच्या अंदाजाखाली एवढ्या बारीक अक्षरात का छापतो? त्यांना तिथून उचलून शब्दकोड्यावर बसवलं. पुढच्याच आठवड्यात आडव्या शब्दांत ‘तह’ आणि उभ्या शब्दांत ‘विधवा’ असली उत्तरं यायला लागली, तेव्हा त्यांना घरी पाठवलं. मी तेव्हा तुला म्हटलं होतं, की ताई, संपला तुझा नवरा.

आणि आता बघ. तुझ्या रजयांच्या खोलीत बसून (रजयांमुळे आवाज घुमत नाही म्हणे, आमच्याकडे त्यासाठी वेगळा विभाग आहे) हा माणूस रोज तासभर इंटरनेटवर बोलतो, आणि देश ऐकतो. त्यांच्या खुर्चीचा एक पाय करकरतो, तर लोकांना ती करकरही आवडते. ती दुरुस्त केली तेव्हा तक्रारी आल्या आणि त्यांनी ती परत बिघडवली! माझी ऑफिसातली खुर्चीही करकरते, ताई. मला फक्त तेल घालायला सांगितलं जातं. परवा दाढ दाखवायला गेलो. माझ्या तोंडात दोन हत्यारं असताना डॉक्टरीणबाईंना मदतनीस मुलीकडून नातं कळलं, आणि त्यांनी काम थांबवून विचारलं, की ते घरीही असेच बोलतात का हो? मी आ वासून पडलेलो. मी काय करतो ते सांगण्याची सोय नव्हती, आणि तोंड मोकळं झाल्यावर त्यांनी विचारलं नाही. घरी बायको भाजी चिरताना त्यांना ऐकते. मी बोलतो तेव्हा मिक्सर लावते.

पण हे सगळं मी गिळलं असतं. खरं दुखणं वेगळं आहे, आणि ते तुला म्हणून सांगतो. भावोजी रोज कुठल्या ना कुठल्या दैनिकाचा अग्रलेख घेतात आणि त्याची सालं काढतात. समोरच्या दैनिकाचा अग्रलेखक (आम्ही त्याला तोफखाना म्हणतो, कारण तो बसल्या जागेवरून फार लांब मारा करतो) त्याला त्यांनी एकदा अख्खा तास सोलला. तेव्हापासून तो छाती काढून चालतो. त्याला सभांना बोलावतात. आमच्या दैनिकातली क्रीडावार्ता घेऊनही ते बोलले, की खेळाच्या पानावर ‘धुव्वा’ आणि युद्धाच्या पानावर ‘यश’ हे उलट झालंय. सगळं घेतात. माझा अग्रलेख मात्र कधीच नाही! नात्याची भीड म्हणावी, तर भीड असलेला माणूस वाढदिवसाला शब्दकोश भेट देतो का? मला शिव्या देण्याइतकंही मोल नाही, असाच त्याचा अर्थ. दुसऱ्या कुणाला शिव्या पडताना एवढं पोटात दुखेल असं मला वाटलं नव्हतं.

असो. गेल्या आठवड्यात सरकारनं पहिली तुकडी पाठवायचं जाहीर केलं. संपादकसाहेबांनी मला आत बोलावून नेहमीचा एक शब्द सांगितला, "ठाम." (आमच्याकडे अग्रलेखावर नाव नसतं. साहेब विषय देतात, मी मतं देतो, आणि ती आमच्या दोघांचीही नसतात.) मी लिहायला बसलो. त्याच दुपारी आमची पानं लावणारे नाना चहा पिताना म्हणाले, की त्यांच्या बहिणीच्या मुलाला निघायचा हुकूम आलाय आणि बहीण त्याचे बूट लपवून बसली आहे. एवढंच बोलले. मी परत जागेवर गेलो आणि तिसऱ्या परिच्छेदात माझ्या हातून एक वाक्य पडलं: ‘या युद्धासाठी वर झालेले हात शाबूत राहणार आहेत, तुटणार आहेत ते दुसऱ्याच कुणाचे.’ ताई, खरं सांगतो, मी स्वतःच दचकलो. इतक्या वर्षांत माझ्या हातून असं काही पडलेलं नाही. मग मी आजूबाजूला ठाम, निर्धार, राष्ट्रहित वगैरे नीट रचून ते वाक्य झाकलं, मजकूर साहेबांकडे पाठवला आणि घरी गेलो. पण रस्ताभर ते वाक्य मी मनातल्या मनात म्हणत होतो, नव्या जावयाला न्याहाळावं तसं.

आता पुढचा गाढवपणा ऐक. दुसऱ्या दिवशी वाटलं, की आज तरी भावोजी माझा अग्रलेख घेतील. घेतला नाही. तोफखानाच घेतला. मग माझं डोकं फिरलं. ते श्रोत्यांचे निरोप ऐकवतात ना, तसा मी एक निरोप पाठवायचं ठरवलं. तिसऱ्या दिवशी ऑफिसात जुन्या अंकांच्या खोलीत शिरलो, फोनवर रुमाल धरला, आवाज घोगरा केला आणि बोललो, की कालचा अमुक दैनिकाचा अग्रलेख भिकार आहे, लिहिणाऱ्याला पाठीचा कणा नाही (एवढं म्हटल्याशिवाय ते ऐकवणार नाहीत हे मला ठाऊक होतं), पण तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य असं आहे की त्याला मुजरा करावा. आणि वाक्य म्हणून दाखवलं. दोनदा. बाहेर आलो तेव्हा केसांत धूळ होती आणि दुसऱ्याच कुणाच्या तरी विनंतीवरून आपलं कौतुक झाल्यासारखं वाटत होतं.

त्या संध्याकाळी भावोजींनी तो निरोप ऐकवला. एकदा नाही, दोनदा. म्हणाले, आपला हा श्रोता नुसता वाचत नाही, पारखतो. मी सोफ्यावर मान खाली घालून बसलो होतो. तुझी वहिनी सुरी खाली ठेवून म्हणाली, "बघा! असा एखादा माणूस असतो, विचार करणारा. आवाजातूनच कळतं." आवाज माझा, रुमाल तिनेच धुतलेला! मी म्हणालो, मला तर तो आवाज उथळ वाटला. ती म्हणाली, तुम्हाला वाटणारच. त्या क्षणी मी त्या श्रोत्यावर जळलो, ताई. भावोजींवर जळता जळता मी स्वतःवर जळायला लागलो, याच्याखाली माणूस किती जाणार?

पण खाली अजून बरीच जागा होती. दुसऱ्या दिवशी लोकांनी भावोजींना कळवलं, की त्या अग्रलेखात असलं वाक्यच नाही. मी छापून आलेला माझा अग्रलेख कधीही वाचत नाही (एकदा वाचला होता, दोन दिवस जेवण गेलं नाही). धावत जाऊन अंक उघडला. तिसऱ्या परिच्छेदात राष्ट्रहित होतं, निर्धार होता, वाक्य नव्हतं. साहेबांनी ते उडवलं होतं! म्हणजे मी जाहीरपणे ज्याला मुजरा केला ते वाक्य जगात फक्त तिघांनी पाहिलेलं: लिहिणारा मी, कापायला सांगणारे साहेब आणि पानावरून प्रत्यक्ष काढणारे नाना. आणि तुझ्या नवऱ्यानं काय करावं? त्या संध्याकाळी माझा अख्खा अग्रलेख पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. ज्या दिवसाची मी देव पाण्यात घालून वाट पाहिली तो दिवस आला, आणि तोही हरवलेली किल्ली शोधावी तसा. शेवटी म्हणाले, वाक्य इथे नाही. पण ते कुणी लिहिलं असेल तर लिहिणाऱ्याला आणि कुणी काढलं असेल तर काढणाऱ्यालाही ते खरं आहे हे माहीत होतं.

झालं. दोन दिवसांत ते वाक्य बसथांब्याच्या भिंतीवर आलं. मुलांच्या अंगातल्या कपड्यांवर आलं. माझ्या लेकीच्या दप्तरावर आलं, आणि ती मला म्हणते, बाबा, तुम्ही असं काही लिहा ना कधीतरी.

इकडे साहेबांनी मला आत बोलावलं. मी मनात राजीनामा लिहीतच गेलो. पण साहेब म्हणाले, "तुम्ही घाबरू नका, तुमच्यावर संशय घ्यायचा प्रश्नच नाही. निरोप देणारा म्हणतो, लेखकाला कणा नाही. असं स्वतःबद्दल कोण बोलेल? आणि तुमच्यात ती..." पुढचं त्यांनी हात हलवून संपवलं. राहिले नाना. शिवाय त्यांचा भाचा निघालेला, म्हणजे कारणही आहे. चोर सोडून संन्याशाला फाशी, सोमवारपासून येऊ नका म्हणून सांगितलं. आणि नानांनी नाही म्हटलं नाही! आता सगळं ऑफिस त्यांच्याकडे बघून उठून उभं राहतं. वार्ताहर पोरी त्यांना चहा आणून देतात. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, असं मी मनात म्हणालो, आणि जिन्यात त्यांना गाठून विचारलं, की तुम्ही बोलत का नाही? म्हणाले, "नाही म्हटलं की मग कोण ते सांगावं लागतं." माझ्याकडे नीट बघितलं. मग म्हणाले, "आणि ते काढताना माझा हात जड झाला होता. थोडं माझंही आहेच ते." मला त्यांचा राग आला. मग लाज वाटली. मग पुन्हा थोडा राग आला.

तर अशी इकडची खुशाली. गुडघ्याला शेक घेत जा, भावोजींना नमस्कार सांग (बेताचा), आणि लहान्यांना पापा.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. भावोजींनी एका संध्याकाळी एवढंच जाहीर करावं, की ते वाक्य त्यांचंच होतं आणि निरोपही त्यांनीच गंमत म्हणून तयार केला. मीही म्हणेन, त्यांच्याकडूनच कानावर पडलं होतं, आणि साहेबांना पटेल. युद्धाला विरोध करणाऱ्या सगळ्यांना मिळून एकच डोकं असतं, असं त्यांचं मत आहे. म्हणजे नाना वाचतील, मीही वाचेन. घरचाच माणूस आहे, एवढं करतीलच.

दुसरा ता. क. वरचा ता. क. खोडलेला समज. पाकीट बंद करताना डोळ्यांपुढे आलं, की ते वाक्य उद्यापासून भावोजींचं होणार. भिंतीवरचं, दप्तरावरचं, सगळं त्यांचं. तुझी वहिनी म्हणणार, मला वाटलंच होतं. ताई, त्यांनी खुर्ची घ्यावी, करकर घ्यावी, माझी लेक घ्यावी. ते वाक्य मी देणार नाही. म्हणून तसाच उठलो, साहेबांकडे गेलो आणि सांगितलं, की निरोप मी दिला. साहेब आधी हसले, मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "नानांसाठी खोटं बोलताय. चांगले आहात हो तुम्ही. घरी जा." घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, दाढ अजून दुखतेय का?

तिसरा ता. क. लेक चपला घालून दारात उभी आहे, म्हणून थोडक्यात. लिहिणारा आणि निरोप देणारा एकच, हे आज सातला भावोजींनी सांगायचं. सोबत रुमाल न लावता बोललेला निरोप लेकीच्या फोनवर दिला आहे, तो ऐकवावा. (तिनं तो आत्ता ऐकला. माझ्याकडे बघत राहिली.) माझी नोकरी जाईल, नानांची राहील, ते मी बघून घेईन, हे शौर्य वगैरे समजू नये, मला फक्त सहन झालं नाही. एकच अट. माझं नाव, आडनावासकट, पूर्ण घ्यायचं. नुसतं "आमचा मेहुणा" म्हणाले, तर मी साफ नाकारणार.