वस्तीचं चौथं कारण

बाई, आज माझ्या वर्गातल्या एका मुलीने तुमचं उत्तर दिलं. मी ते तिला शिकवलेलं नव्हतं, पुस्तकात तर ते नाहीच, आणि तरी ती उभी राहून ते असं बोलून गेली की माझ्या हातातला खडू हातातच राहिला. घरी आल्यापासून नुसती या खोलीतून त्या खोलीत फिरते आहे. आनंद झाला की तो सांगायला कुणी तरी लागतं, आणि हे ज्याला कळेल असं माणूस म्हणजे तुम्ही. तुम्हाला जाऊन कित्येक वर्षं झाली, हे मला पक्कं ठाऊक आहे, वेड लागलेलं नाही. तरी लिहिते. माझ्या वहीवर तुम्ही लाल शाईने ‘विस्कळीत’ असा शेरा मारायचात. हे पत्रही तसंच होणार, आधीच सांगून ठेवते.

मी आता जळगाव जामोदला शाळेत भूगोल शिकवते. नोकरीला लागले तेव्हा तुम्ही होतात, तेवढं तुम्ही बघितलंत. पुढचं बघितलं नाहीत. माझ्या वर्गात नकाशा भिंतीवर नसतो. आठवी असो की दहावी, मुलं आधी बाक सरकवतात, चपला बाहेर काढतात आणि नकाशा सतरंजीसारखा जमिनीवर अंथरतात. त्याची उत्तर खऱ्या उत्तरेला, म्हणजे खिडकीतून दिसणाऱ्या सातपुड्याकडे करतात. मग सगळी भोवती बसतात. नवीन आलेले शिक्षक दारातून डोकावतात आणि गालातल्या गालात हसतात. मी म्हणते, हसा. माझ्या मुलांना डोळे बांधून गावात कुठेही सोडा, पूर्व कुठली ते बरोबर सांगतील. अभिमान वाटतो तर वाटतो, त्यात लपवायचं काय?

हे मी कुठे शिकले ते तुम्हाला सांगायला नको, पण मला आठवायला आवडतं. मी आठवीत. आमचं गाव मोताळ्याच्या बाजूचं, घाटाखालचं. तुम्ही रोज सकाळी बुलढाण्याहून एसटीने घाट उतरून यायचात, म्हणून सगळ्या गावात तुमचं नाव ‘घाटावरच्या बाई’. पहिल्याच आठवड्यात तुम्ही सांगितलंत, आपापल्या गावाची नदी काढा. आम्ही सगळ्यांनी नळगंगा काढली, आणि सगळ्यांनी एकच चूक केली. डोंगर कागदाच्या वरच्या कडेला, नदी तिथून निघून खालच्या कडेला. पाणी वरून खाली येतं, एवढं कुणाला कळत नाही? पण आमचा घाट दक्षिणेला, आमची नदी उत्तरेला पूर्णेकडे जाते, म्हणजे नकाशात ती खालून वर जायला हवी. तुम्ही भिंतीवरचा नकाशा दाखवलात, तर मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, “बाई, नदी भिंतीवर चढून कशी राह्यली?” वर्ग फिदीफिदी हसला. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही खुर्चीवर चढलात, नकाशा खिळ्यावरून काढलात आणि जमिनीवर पसरलात. “आता सांग, चढून राह्यली का?” त्याने वाकून बघितलं. नकाशातला घाट खऱ्या घाटाकडे होता आणि नदी निवांत पूर्णेकडे निघाली होती.

तेवढ्यात हेडसर आले. “बाई, फाटन तो नकाशा. सरकारी माल हाये.” तुम्ही तिथेच मांडी घालून बसला होतात. म्हणालात, “फाटला तं शिवू, सर. या पोट्ट्यायच्या डोक्यात उलटा बसला तं कोण शिवन?” हेडसर मान हलवत निघून गेले. गंमत सांगते, इथे जळगावला नद्या सातपुड्यातून दक्षिणेला उतरतात. म्हणजे माझ्या मुलांची ती चूक कागदावर आपोआप बरोबर ठरते आणि ती खूष होतात. मग मी त्यांना आपली नळगंगा काढायला देते आणि सगळ्यांना एका दमात फसवते. तुम्ही असता तर पोट धरून हसला असता.

रागावायचातही. सहामाहीत मी जगातल्या लांबच लांब नद्या घडाघडा लिहिल्या आणि आपल्या तालुक्यातलं पाणी कुठे जातं हा प्रश्न सोडून दिला. पेपर हातात देताना सगळ्यांसमोर म्हणालात, “अ‍ॅमेझॉन पाठ करून राह्यली, अन् तू पेते थे पाणी कोठी जाते हे माहीत नाई? काऊन शिकते मंग?” कानशिलं तापली होती माझी. पण तेव्हापासून कुठल्याही गावात पाय ठेवला की आधी विचारते, इथलं पाणी कुठे जातं. माहेरच्या लग्नांमध्ये या प्रश्नावरून माझी चेष्टा होते.

मग ती सहल. तुम्ही आम्हाला एसटीने घाट चढवून वर नेलंत. घाटमाथ्यावर उभं करून सांगितलंत की इथे पडणाऱ्या पाण्याचे दोन वाटे होतात. उत्तरेचं पाणी नळगंगेतून पूर्णेत, तापीत आणि अरबी समुद्रात. दुसऱ्या अंगाचं पैनगंगेत, मग गोदावरीत, आणि थेट बंगालच्या उपसागरात. हे पटावं म्हणून तुम्ही मोठ्या थाटात तांब्या उपडा केलात. उन्हाळा तोंडावर आलेला, मुरमाड जमीन. पाणी ना इकडे गेलं ना तिकडे, जागच्या जागी जिरलं. आम्ही आधी तुमच्या तोंडाकडे बघितलं. तुम्ही रिकाम्या तांब्याकडे बघत होतात, आणि एकदम अशा हसलात की आम्हीही सुटलो. डोळे पुसत म्हणालात, “हे घ्या, हा तिसरा रस्ता. हे पाणी कोठीच जात नाई. पण याच्यावरच आपल्या विहिरी जगतेत.” पुढे मला पुण्याला बदलून जायची संधी आली होती आणि मी गेले नाही. लोक विचारतात का गेली नाहीस. मी त्यांना काय सांगू? मी तुमच्या तांब्यातलं पाणी, इथेच जिरले. आणि ते मला मिरवण्यासारखंच वाटतं.

आजच्या उत्तराकडे येते. तुम्ही नववीला वस्तीचा धडा घेतलात. गाव इथेच का वसलं? आम्ही सांगत गेलो: नदीचं पाणी. काळी जमीन. मलकापूरच्या बाजाराचा रस्ता. तुम्ही फळ्यावर एक, दोन, तीन लिहिलंत, मग चार लिहून थांबलात. “हे पुस्तकात नाई, तरी लिहा. शेजार. पाणी, जमीन, रस्ता सारं असलं अन् बाजूले माणूसच नसलं, तं तिथं माणूस टिकत नाई.” आम्ही लिहून घेतलं. परीक्षेत येणार नव्हतं, म्हणून विसरूनही गेलो.

आज मी तोच धडा दहावीला पुन्हा घेत होते. एक मुलगी आहे, सातपुड्याच्या अगदी पायथ्याच्या गावची. हुशार आहे, आणि दहावीनंतर तिचं शिक्षण थांबणार हे महिनाभर माझ्या जिवाला लागलं आहे. गावाला एसटीचा भरवसा नाही, आता गावच्या तिघी मिळून येतात, पण अकरावीला ती एकटीच उरणार, आणि बाप म्हणतो एकट्या पोरीला रोज धाडणार कशी. मी तिला विचारलं, तुझ्या गावाला पाणी लांब, जमीन बरड, रस्ता कच्चा, मग तुम्ही तिथे का राहता? ती म्हणाली, “बाजूले मामाचं घर हाय ना, मॅडम. अन् त्याच्या बाजूले मावशीचं. दुसरीकडे पाणी असंन, पण आवाज कोणाले द्याचा?” मी फळ्याकडे वळले आणि चार हा आकडा काढला. मुलांना माझं तोंड दिसू नये म्हणून तो जरा सावकाश काढला.

शाळा सुटल्यावर तिच्या बापाला मी बोलावलं होतं. तो आज बाजाराला येणारच होता. त्याची वाट बघताना मला आमचं अंगण दिसत होतं. माझी दहावी झाली आहे. बाबा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर बसले आहेत. त्यांचं ठरलं आहे की पोरगी आता शेतात आईच्या हाताखाली जाईल. अकरावी घाटावर बुलढाण्याला, आणि घाटावर कोण आहे आपलं? तिथली थंडी, तिथली माणसं, सगळं परकं. तुम्ही येता. “जयभीम,” बाबा म्हणतात, उठून उभे राहतात. तुम्ही “जयभीम” म्हणता आणि पिशवीतून तुमचा स्वतःचा, कापड चिकटवलेला जिल्ह्याचा नकाशा काढून अंगणात पसरता, घाटाची बाजू घाटाकडे करून. “या भाऊ, आपल्या गावावर उभे राहा.” बाबा चपला काढतात, पण नकाशावर पाय ठेवत नाहीत. कडेला उकिडवे बसतात. म्हणतात, “आपल्या गावावर पाय कसा द्याचा, बाई? कागदाचं असलं तरी.” तुम्ही त्यांना आमचं गाव दाखवता, मग घाट, मग बुलढाणा. ते आमच्या गावावर अंगठा ठेवतात, बुलढाण्यावर करंगळी. हात पुरतो. मी दारात उभी आहे आणि मला वाटतं, जिंकलं, नकाशाने काम केलं.

पुढचं बोलणं मी ऐकलं होतं, पण माझ्या आनंदात ते कानावरून गेलं. बाबांनी विचारलं, “तिथं इच्यासंग कोण राहीन?” तुम्ही म्हणालात, “मी.” बाबांनी नकाशावरून बोटं उचलली. “अन् तुमच्यासंग कोण हाय, बाई?” तुम्ही नकाशा गुंडाळायला लागला होतात. मान वर न करता म्हणालात, “कोणी नाई.” बाबा उठले. आत वळून आईला म्हणाले, “पोरीचे कपडे बांध व. जाईन थे बाईसंग.”

तुमच्या त्या घरात दोन वर्षं राहिले. स्वयंपाकघर एवढंसं, एका माणसाचं. मी आले त्याच दिवशी तुम्ही दुसरं ताट आणलं होतंत, कोरं करकरीत. तुम्हाला भाकरी गोल थापता येत नसे. परातीवर वाकून म्हणायचात, “आज आफ्रिका झाली, खा मुकाट्यानं.” एकदा ऑस्ट्रेलिया इतका हुबेहूब आला की आपण तो तव्यावरून उतरवून बराच वेळ बघत बसलो आणि भाजी करपली. बाबा एसटीच्या टपावर ज्वारीचं पोतं टाकून पाठवायचे, वर कंडक्टरला दम, “बाईच्या घरी पोचलं पायजे बरं.” बारावी झाले तेव्हा तो नकाशा तुम्ही मला दिलात. आज माझ्या वर्गात अंथरतो तोच. दोन ठिकाणी फाटला होता, मी शिवला.

तर तो बाप आला. मीही शाळेच्या अंगणातच नकाशा पसरला, दुसरं मला येतंच काय? तो माझ्यासमोर बसला, हाताने सातपुड्याची रेघ चाचपली, गाव शोधून काढलं, खूष झाला. मी सांगितलं की पोरगी माझ्याकडे राहील, माझ्या घरून शिकेल. तो म्हणाला, “सोय तं झाली मॅडम. पण तुमच्या घरी अजून कोण कोण हाय?” आमचे हे गेल्याला तीन वर्षं होतील, मुलगा पुण्याला. नकाशाची सुरकुती सारखी करत मी म्हणाले, “कोणी नाई.” त्याने माझ्याकडे बघितलं, मग शाळेच्या फाटकाशी उभ्या असलेल्या पोरीकडे बघितलं आणि म्हणाला, “मंग येईन थे. तुमाले बी सोबत होईन.”

इतकी वर्षं मी धरून चालले होते की बाबांना तुम्ही नकाशाने जिंकलंत. लोकांना सांगतही आले, माझ्या बाईंनी अंगणात भूगोल शिकवला आणि माझं आयुष्य बदललं. ते खोटं नाही. पण बाबांनी त्या दिवशी बुलढाणा बघितलं नव्हतं, तुम्हाला बघितलं होतं. मला वाटायचं, तुम्ही मला घर दिलंत. बाई, तेव्हा ते घर तुम्हालाही खायला उठायचं का? मी कधी विचारलं नाही, आणि तुम्ही फळ्यावर लिहून दिलंत त्यापेक्षा जास्त कधी बोलला नाहीत.

हे पत्र कुठे टाकायचं? तुमच्या घरात आता दुसरी माणसं राहतात. नकाशाच्या गुंडाळीत ठेवते, तिथे तुमचा हात लागलेला आहे. शाळेत सगळ्यांना सांगून आले, एका गुणी पोरीची सोय झाली, आणि सगळ्यांनी माझं कौतुक केलं. ते मी घेतलंही. सोय माझीही झाली, तुम्हाला तेवढं खरं सांगते. तिची दहावीची परीक्षा अजून व्हायची आहे, यायला पुढचं जूनच उजाडेल. पण येताना मी बाजारात वळले आणि एक ताट घेऊन आले.