सपाट ठरवलेल्या धावपट्टीचा उतार तपासण्याबाबत

प्रति,
मा. अपील अधिकारी (विमान अपघात),
मुक्काम शासकीय विश्रामगृह, नाशिक.

विषय : धावपट्टीची फेरतपासणी होऊन माझा वैमानिक परवाना परत मिळणेबाबत.
संदर्भ : परवाना रद्द केल्याचा चौकशी समितीचा आदेश.

महोदय,

सविनय अर्ज करतो की, मी पिंपळगाव बसवंतजवळील बाणगंगा हवाई फवारणी संघाचा वैमानिक होतो. संघाची धावपट्टी कांदाचाळीच्या बाजूला उतरती आहे. तेथे विमान चढाच्या दिशेने उतरवतात, म्हणजे ते आपोआप थांबते. कोणत्या दिशेने उतरायचे याचा चुन्याचा बाण पट्टीप्रमुख श्री. निवृत्ती गांगुर्डे रोज सकाळी काढत. समोरचा जोराचा वाराही विमान थांबवतो, म्हणून वारा फिरला तर बाणही फिरवत. मी त्या बाणावर डोळे मिटून विश्वास ठेवला.

अपघाताच्या दिवशी पाहुणे येणार म्हणून चाळीजवळ मंडप घातला होता. विमान मंडपासमोर येऊन थांबावे, फोटो चांगला यावा, म्हणून गांगुर्डे यांनी बाण उलटा काढला. वारा दाखवणारी कापडी पिशवी पाहुण्यांसाठी धुऊन वाळत घातली होती. वारा फिरला असेल असे मला वाटले.

उतरत्या पट्टीवर येताना वैमानिकाला आपण फार खाली आलो असा भास होतो, तो विमान उंच ठेवतो आणि चाके उशिरा टेकतात. पुढे उतार ब्रेकला जुमानत नाही. विमान मंडपातून थेट चाळीत गेले. पाहुणे पळाले म्हणून वाचले.

इस्पितळात गांगुर्डे माझा हात धरून म्हणाले, "मल्हारी, घाबरू नको. मी खरं तेच सांगेन." माझ्या मुलीच्या बारशाला कुंची घेऊन आलेला हा माणूस. चौकशीत त्यांनी पट्टी सपाट असल्याचे शपथेवर सांगितले. आता ते संघाचे व्यवस्थापक आहेत.

समितीने पट्टीच्या मधोमध उभे राहून पाहणी केली. तिथून सगळेच सपाट दिसते. संघाचा पाण्याचा टँकर चाळीकडे घरंगळू नये म्हणून चाकाखाली धोंडा लावतात. तो धोंडा काय शोभेला ठेवला आहे? मला फार वाईट वाटले आहे, साहेब. हाड मोडले त्याचे एवढे वाटले नाही.

तरी विनंती की, परवानगी देऊन मला एकदा दोन आसनी विमान मंडपाच्या दिशेने उतरवू द्यावे. शेजारच्या आसनावर श्री. गांगुर्डे यांना बसवावे. पट्टी सपाट असल्यास त्यांना भिण्याचे कारण नाही. ते बसण्यास नाही म्हणाले, तर तोच त्यांचा खरा जबाब म्हणून नोंदवून घ्यावा.

आपल्या निर्णयाची वाट पाहणारा,
आपला नम्र,
मल्हारी भिकाजी दोंदे
द्वारका, नाशिक
दि. १४ मार्च १९८३

सोबत : काही नाही. बाणाचा साक्षीदार एकच होता, त्याचे नाव वर आले आहे.