गुलाबी दाणे

वडनेर, सोमवार, संध्याकाळ

सहावा महिना लागल्यापासून आई, म्हणजे सासूबाई, मला रोज शेंगदाण्याचा लाडू करून देतात. आजचा मी संपवला आणि हात धुवायला मोरीवर गेले, तर तिथे गुलाबी पाणी. लाडवातले दाणे म्हणजे पेरून उरलेलं बियाणं होतं! त्याला कीड लागू नये म्हणून विषारी गुलाबी औषध चोळलेलं असतं. आम्ही ती पिशवी गुरांपासूनही लांब ठेवतो.

"आई, ते काऊन घेतलं?"

"तीन पाण्यानं धुतलं वं माय, भाजलं बी. इतके टपोरे दाणे, तुले ताकद येईन म्हनून घेतले."

भाजल्यानं विष जातं? डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, नाही जात, पिशवी घेऊन ताबडतोब या. हे शेजाऱ्यांकडे गाडी मागायला गेलेत.

पहिलाच घास कडवट लागला होता. मग थुंकला का नाही? आई समोर बसून कौतुकानं बघत होत्या, म्हणून.

आताही जवळच बसल्यात, माझ्या पोटावर हात ठेवून, रडत. त्यांची बोटं अजून गुलाबीच आहेत. हात काढा, एवढं म्हणायला आत्ताही माझी जीभ रेटत नाही.